प्रेमकथेचा दुसरा भाग कसा वाचायचा: टॉवेल कारखान्यातल्या एका हिशेबनीसाची पद्धत

आमच्या भागात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आणि येतं ते पहाटे. साडेतीनला उठायचं, मोटार लावायची, आधी पिण्याचं भरायचं, मग टाकी, मग बॅरल, मग बादल्या, आणि अम्माचं समाधान म्हणून शेवटी घरातली सगळी पातेली. दीड तास जागं राहावंच लागतं. मी तेवढ्यात वाचतो. जिन्यातल्या बल्बखाली स्टूल, पायाशी पाईप, मांडीवर पुस्तक. पोहण्याच्या तलावावर भेटलेल्या दोन पोरांच्या प्रेमकथेचा दुसरा भाग मी असा पाण्याच्या पाळ्यांवर संपवला. पाचशेच्या घरातली पानं. बॅरल दोनदा ओसंडून वाहिलं. त्यावरून जे ऐकून घेतलं ते इथं लिहीत नाही.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. सुताची बिलं, चलनं, जीएसटी. माझी वाचायची पद्धत त्या टेबलावरूनच आलीय, म्हणून हे सांगितलं. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या मी दहा-बारा वर्षं वाचतोय. त्यांचा दुसरा भाग आला की ओळखीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पहिल्याची सर नाही." मीही म्हणायचो. आता जपून म्हणतो, कारण बऱ्याचदा चूक आपल्या वाचण्यात असते. नेहमी नाही. काही दुसरे भाग खरंच रद्दीत घालायच्या लायकीचे असतात.

पहिल्या भागात आपण एकाच प्रश्नामागं धावत असतो: यांचं जमणार का? दुसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर ते जमलेलं असतं. मग उरलेली पानं कशाची? संसाराची. हा शब्द आपल्याकडं आहे, इंग्रजीत त्याला जोड नाही, आणि त्यामुळं असल्या पुस्तकाचं मर्म इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला लवकर कळायला हवं. संसार म्हणजे लग्न झालेलंच हवं असं नाही. गाडी कुणी चालवायची, कुणाच्या आईला आधी सांगायचं, कोण कुणाची वाट बघत थांबतं, भांडण झाल्यावर पहिला फोन कुणाचा. दुसरा भाग वाचायचा तो यासाठी.

उदाहरणाला एकच जोडी घेतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. बेंजामिन आलिरे साएन्झ यांचं 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सीक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स' हे २०१२ चं. त्याचा दुसरा भाग 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डाइव्ह इन्टू द वॉटर्स ऑफ द वर्ल्ड' २०२१ चा. पहिला वाचला नसेल तर इथंच थांबा, कारण त्याचा शेवट मी पुढं फोडणार आहे. दुसऱ्याचा फोडणार नाही.

एक गंमत सांगून पुढं जातो. दुसरा भाग मी कारखान्याच्या पत्त्यावर मागवला, घरी नको म्हणून. पार्सल आलं तेव्हा मी बँकेत. परत आलो तर पाकीट उघडलेलं आणि पुस्तक मालकांच्या हातात. माझ्या पोटात गोळा. त्यांनी चष्मा वर करून शीर्षक पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "वा! ॲरिस्टॉटल वाचालास होय? वाच, वाच. आमच्या पोरालाबी सांग जरा." तेव्हापासून कारखान्यात मी तत्त्वज्ञान वाचणारा माणूस आहे. तेव्हा पुस्तकाला खाकी कव्हर घालायच्या आधी शीर्षक नीट बघा. काही शीर्षकं स्वतःच कव्हर असतात.

पहिला भाग पुन्हा वाचू नका

हे ऐकून लोक चमकतात. पण या दोन पुस्तकांत बाहेरच्या जगाची नऊ वर्षं गेली. पहिला भाग मी बावीसचा असताना मोबाईलवर वाचला, स्क्रीनचा उजेड कमी करून, चादर डोक्यावर घेऊन. (सोलापुरी चादर. तिच्यातून उजेड बाहेर जात नाही, अनुभवाचे बोल.) दुसरा हातात आला तेव्हा मी तिशीत. आणि त्या दोघांसाठी मध्ये एक रात्रही गेलेली नाही. पहिला भाग संपतो तो वाळवंटात, ॲरीच्या, म्हणजे ॲरिस्टॉटलच्या, पिकअपमध्ये, आणि दुसरा तिथूनच सुरू होतो.

सगळा पहिला भाग लगेच वाचलात तर बावीसच्या वयाचं वेड पुन्हा चढतं आणि दुसऱ्याकडून तेच मागायला लागता. त्यापेक्षा पहिल्याची शेवटची वीस पानं वाचा आणि बंद करा. कीर्तनकार कालचा धागा दोन वाक्यांत धरतो आणि पुढं निघतो, तेवढंच. बाकीचं आठवत नसेल तर नसू द्या. जे आठवतं तेच तुमच्यात उरलंय. मला आठवत होतं ते एवढंच: दान्ते ॲरीला पोहायला शिकवतो, आणि ॲरी त्याला गाडीखालून वाचवताना स्वतःचे पाय मोडून घेतो.

चलनाची पाठ

आता माझी मुख्य युक्ती. आमच्याकडं जुन्या चलन बुकांची, म्हणजे माल पाठवतानाच्या पावत्यांच्या वह्यांची, थप्पी पडलेली असते. मी त्यातलं एक चलन फाडतो. त्यावर रकाने छापलेलेच असतात: अनुक्रमांक, तपशील, नग, शेरा. तपशिलात पात्राचं नाव लिहायचं. नगाच्या रकान्यात एकच गोष्ट: याला माहीत आहे का? आणि शेऱ्यात, कसं माहीत.

मुलगा-मुलीच्या गोष्टीत दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला हा कागद लागत नाही. तिथं साऱ्या गावाला माहीत असतं, निदान माहीत असायला हरकत नसते. इथं सगळं त्या रकान्यावर फिरतं. माझं चलन असं झालं होतं. ॲरीची आई, शाळेत शिकवणारी: माहीत. ॲरीचे वडील, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेले, टपाल वाटणारे, अबोल: माहीत, शेरा, पोराला स्वतःला कबूल व्हायच्या आधीच कळलं होतं. दान्तेचे आईवडील: माहीत. जीना आणि सुझी, शाळेतल्या मैत्रिणी: नाही. शाळा: नाही. गल्ली: नाही.

हा कागद खूणपट्टी म्हणून पुस्तकातच ठेवायचा. मग एक चमत्कार दिसतो. जे प्रकरण "काही घडतच नाही" म्हणून आपण उलटून टाकलं असतं, तिथं एक नाव 'नाही' मधून 'माहीत' मध्ये सरकलेलं असतं. दोन मैत्रिणी दारात उभ्या आहेत, काहीतरी खायला काढलंय, इकडचं तिकडचं बोलणं चाललंय. आणि तेवढ्यात एक ओळ बदलली. तिथं पेन्सिलनं नगातला 'नाही' खोडायचा. पहिल्या भागात चुंबन जे काम करतं ते दुसऱ्या भागात हे खोडणं करतं, असं माझं मत झालंय.

शेऱ्याच्या रकान्यात तिसरा एक प्रकार येतो: माहीत असून न दाखवणारे. त्यांच्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. चांगला लेखक त्यांना एखाद्या ताटात, एखाद्या मधेच थांबलेल्या वाक्यात लपवून ठेवतो. सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे लोक ओळखायला शिकवावं लागत नाही.

साल बघा

गोष्ट कुठल्या सालात चाललीय आणि ती लिहिली कधी, हे दोन आकडे पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. पहिल्या भागाची सुरुवात १९८७ च्या उन्हाळ्यातली. दुसरा १९८८ मध्ये सुरू होतो. अमेरिकेत एड्सची पहिली नोंद जून १९८१ ची; १९८८ पर्यंत बातम्यांत रोज तेच. पहिल्या भागात त्याची सावली फारशी पडत नाही. दुसऱ्यात ती घरात येते. हे माहीत नसेल तर दोन सुखी पोरं मधूनच का घाबरतात ते कळत नाही, आणि लेखकानं उगाच रडारड आणली असं वाटतं. आपल्याकडं एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईतली. म्हणजे त्या पोरांच्या वयाचा कुणी सोलापुरात असता तर त्यालाही ही भीती दूरची राहिली नसती. फक्त तिच्याबद्दल बोलायला माणूस मिळाला नसता.

आणि कायदा. ही गोष्ट घडते ते एल पासो टेक्सासमध्ये आहे. तिथं पुरुषांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये रद्द केला. आपल्याकडं ३७७ कलमाखालून अशा संमतीच्या नात्यांना वगळलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला. त्या दिवशी मी कारखान्यात गठ्ठे मोजत होतो. मोबाईलवर बातमी वाचली आणि मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून केली. आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला न्यायालयानं नकार दिला. म्हणजे पात्रं मिठी मारतात तेव्हा खिडकीचा पडदा ओढलेला आहे का, हे बघायचं. लेखकानं पडद्याचं लिहिलं असेल तर ते सजावटीसाठी नाही.

जोडी दिसलीच नाही तर

काही दुसरे भाग तुम्हाला हवी ती जोडी देतच नाहीत. आंद्रे असिमान यांचं 'कॉल मी बाय युवर नेम' २००७ चं, आणि त्याच माणसांची पुढची गोष्ट, 'फाइंड मी', २०१९ ची. मी दोघांना भेटायला गेलो आणि भेटला कोण, तर एकाचा बाप. पहिला मोठा भाग त्या बापाचा आणि आगगाडीत भेटलेल्या एका बाईचा आहे. सत्तराव्या पानावर मी पुस्तक कॉटवर भिरकावलं. महिनाभर तिथंच, उशीखाली.

नंतर प्रकरणांची नावं बघितली. टेम्पो, कादेन्झा, काप्रिचो, दा कापो. सगळे संगीतातले शब्द, आणि शेवटच्याचा अर्थ "पुन्हा सुरुवातीपासून". म्हणजे लेखकानं अनुक्रमणिकेतच सांगून ठेवलं होतं की ज्यांच्यासाठी आलात ते शेवटी येतील, आणि थोडेच येतील. मी गाडीत चढायच्या आधी फलकच वाचला नव्हता. तेव्हापासून दुसरा भाग हातात आला की आधी अनुक्रमणिका वाचतो. जोडी उशिरा येणार असेल तर प्रत्येक भाग स्वतंत्र कथा समजून, मध्ये दोन-दोन दिवस जाऊ देऊन वाचतो. पुस्तक तरीही मला फार आवडलं नाही, पण राग गेला.

भाषेचं काय करायचं

ॲरी आणि दान्ते मेक्सिकन घरांतले. नदीपलीकडं मेक्सिको, घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी. दान्तेला सारखं वाटतं की आपण पुरेसे मेक्सिकन नाही. हे वाचताना मला डिक्शनरी लागली नाही. आमच्या घरी तेलुगु, बाहेर मराठी, पलीकडच्या गल्लीत कन्नड, बाजारात या सगळ्यांची हिंदी. हैदराबादचे पाहुणे आले की आमची तेलुगु ऐकून हसतात. पुण्यात मी तोंड उघडलं की मराठी ऐकून हसतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही पद्मशाली, म्हणजे तेलुगु विणकरांच्या, पोराला दान्तेचं दुखणं चहा पिता पिता समजेल. त्यामुळं पुस्तकातला स्पॅनिश शब्द अडला तर अडू द्या. प्रत्येक शब्दाला मोबाईल काढलात तर घरात पाहुण्यासारखं बसाल.

एक मात्र करून बघा. आवडलेलं एखादं पान मनातल्या मनात मराठीत सांगा. लगेच अडचण येते: 'बॉयफ्रेंड'ला काय म्हणायचं? 'मित्र' कमी पडतो. 'जोडीदार' शासकीय अर्जातला वाटतो. 'प्रियकर' म्हटलं की नाटकाचा पडदा वर जातो. सोलापुरात दोन पोरं एकमेकांना "काय बे" म्हणतात, आणि त्या 'बे' मध्ये काय काय भरलेलं असू शकतं ते स्वरावरून कळतं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य मी आजवर सोलापुरात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, अगदी नवराबायकोच्याही. अम्मा पहाटे पातेलं नळाखाली सरकवताना मला विचारते, "तिन्नवा?", रात्रीचं जेवलास ना, म्हणून. दुसऱ्या भागात "आय लव्ह यू" फार वेळा येतं. मी तिथं तिथं पेन्सिलनं "तिन्नवा?" लिहून ठेवलंय. काही ठिकाणी चपखल बसतं. काही ठिकाणी अजिबात बसत नाही, आणि तिथं मला कळतं की लेखक नुसता गोड बोलतोय.

कारण हेही सांगायला हवं: हा दुसरा भाग गोड बोलतो. मधल्या दोनेकशे पानांत जो तो शहाण्यासारखा बोलतो, सतरा वर्षांची पोरं आणि त्यांच्या आया सगळे एकाच सुरात. तिथं वेग वाढवायला हरकत नाही. प्रकरणं छोटी आहेत, एक बादली भरेपर्यंत एक होतं. ॲरी वहीत दान्तेला उद्देशून लिहितो ती पानं मात्र सोडू नका. तोंडावर बोलता न येणारं तो तिथं लिहितो, आणि ती वही म्हणजे त्याचं चलन बुकच आहे म्हणा ना.

दोघांनी वाचायचं असेल तर

मी हे पुस्तक एकट्यानं वाचलं नाही. तो पुण्यात असतो, मूळचा बार्शीचा. दोघांकडं एकेक प्रत. नियम असा होता की रविवारी रात्री फोनवर पान ठरवायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यापुढं जायचं नाही. मला पाण्याच्या पाळ्या, त्याला कंपनीची बस. पहिले तीन आठवडे बरं चाललं. चौथ्या रविवारी तो फोनवर गप्प. विचारलं तर म्हणाला, "काही नाही." मी पुन्हा विचारलं, "काय बे, काय झालं?" तर म्हणाला, "तू तिथपर्यंत आलास की बोलू." झालं. याचा अर्थ तो पुढं गेलाय, आणि पुढं कुणीतरी जाणार आहे. कोण, एवढंच राहिलं. आठवडाभर मी प्रत्येक पात्राकडं सुतक्याच्या नजरेनं बघत वाचलं.

भांडण झालं. पुस्तकावरून भांडणं मूर्खपणा आहे हे दोघांनाही माहीत होतं. पण भांडण पानांचं नव्हतंच. तो नेहमी पुढं जातो आणि मला मागून कळतं, यावरचं होतं. पुढच्या शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मी पुण्याला गेलो. कुर्डुवाडी गेली, दौंड गेलं, आणि दौंडच्या पुढं ते प्रकरण आलं. डबा भरलेला. शेजारच्या आजोबांनी न विचारता खिडकीची जागा दिली आणि आपण आत सरकले. स्टेशनवर तो उभा होता. मी पुस्तक दाखवलं, मध्ये चलन घातलेलं. तो म्हणाला, "आलास होय तिथवर?" मग आम्ही चहा घेतला.

तेव्हा दोघांनी वाचणार असाल तर माझा सल्ला: फोनवर पान ठरवू नका, प्रकरण ठरवा, आणि जो पुढं जाईल त्यानं आवाज नेहमीसारखा ठेवायचा. जमत नसेल तर सरळ कबूल करायचं. गप्प राहणं सगळ्यात वाईट.

वाचून झाल्यावर

दुसरा भाग कपाटात ठेवू नका. आणि उसना देताना उलट क्रम करू नका, हे माझ्याकडून होता होता राहिलं म्हणून सांगतो. पुस्तक महिनाभर माझ्या टेबलावर बिलांच्या फायलींखाली होतं. पॅकिंगमधल्या एका पोरानं ते दोनदा काढून बघितलं, मागचं पान वाचलं, परत ठेवलं. तिसऱ्यांदा माझ्याकडं न बघता विचारलं, "साहेब, याच्या आधीचं हाय का?"

माझा पहिला भाग मोबाईलवरच होता. मग कागदाची प्रत मागवली, परत त्याच पत्त्यावर. मालक म्हणाले, "अजून ॲरिस्टॉटल संपला नाही होय?" मी म्हटलं, "मोठा माणूस आहे, वेळ लागतो." पोराला पहिला भाग दिला, चलन न घालता, तो कागद ज्यानं त्यानं आपला करायचा असतो. सांगितलं, हा परत आला की दुसरा.

सव्वा महिन्यानं आला. बासष्टाव्या पानावर शेंगा चटणीच्या तेलाचा अंगठा उमटलाय, आणि त्याच्या शेजारी एक दुसरा, बारीक अंगठा आहे. पॅकिंगमध्ये दोघांची पाळी एकच असते. मी काही विचारलं नाही. दुसरा भाग त्याच दुपारी दिला.